केवढ्याला पडलं?

खानदेशात नव्या वस्तूची ओळख नावाने होत नाही, किमतीने होते. पाहुणा सोफ्यावर टेकतो, तळव्याने गादी दाबून बघतो आणि पाण्याचा पेला हातात येण्याआधीच विचारतो, "केवढ्याला पडला?" धुळ्याकडे हेच अहिराणीत, "कितलाले लिन्हा?" विचारणाऱ्याला सोफा घ्यायचा नसतो, आपण कितव्या पायरीवर आहोत ते पाहायचं असतं. म्हणून उत्तरही बेताने द्यावं लागतं. वस्तू वीस हजारांची असेल तर पंचवीस सांगायचे. समोरचा पाच हजार मनातल्या मनात कापणारच असतो, आणि अशा रीतीने दोघांच्या संगनमताने सत्य शाबूत राहतं. अपवाद एकट्या सोन्याचा. जळगावात सोन्याचा आजचा भाव रिक्षावाल्यालाही पाठ असतो, तिथे थाप पचत नाही.

परदेशी गेलेल्या आमच्या पोरांनी हे शास्त्र पार उलटं करून टाकलंय. तिकडे वस्तू जितकी स्वस्तात पडली तितकी मान ताठ. शंभर युरोचं टेबल चाळीसला मिळालं म्हणणाऱ्याला लोक मान डोलावतात, वीसला मिळालं म्हणणाऱ्याला जवळ बसवून घेतात, आणि "रस्त्यावर फुकट मिळालं" म्हणणाऱ्याकडे असं बघतात, जसं आमच्याकडे पोराला कलेक्टर केलेल्या बापाकडे बघतात. लेक-जावयाने श्टुटगार्टजवळ घर घेतलं आणि आम्ही नवराबायको नव्वद दिवसांच्या व्हिसावर ते घर लावायला गेलो, तेव्हा हा उलटा बाजार मला जवळून पाहायला मिळाला.

लेक जळगावची, जावई धुळ्याचे, दोघंही इंजिनियर. श्टुटगार्ट हे मोटारींचं गाव. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश सगळे तिथलेच. १९६८ पासून ते मुंबईचं भगिनी शहरही आहे. तिथल्या स्वाबियन लोकांची चिकाटी आणि काटकसर यांवर उरलेले जर्मन विनोद करतात. हा माणूस जन्मभर राबतो, पै पै जोडतो आणि शेवटी घर बांधतो, अशी त्याची ख्याती. ऐकल्याबरोबर मला यावल-रावेरकडची आमची निम्मी भाऊबंदकी आठवली. घरासाठी बचत करणाऱ्यांची जर्मनीतली एक आद्य संस्थासुद्धा १९२१ साली याच मुलखातल्या व्यूस्टेनरोट नावाच्या खेड्यात निघाली. लेकीने हे कौतुकाने सांगितलं. "पतसंस्थाच म्हण ना," असं म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे गळ्यातली पोत चाचपली. जळगाव जिल्ह्यात ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांना पतसंस्थेची स्तुती ऐकताना असंच होतं.

आता घर घेणाऱ्याला सामानासाठी काटकसर का करावी लागते? कारण तिकडे घराची किंमत ही नुसती सुरुवात असते. त्या प्रांतात खरेदीवर पाच टक्के कर. मग दलालाचा वाटा. मग नोटरी आणि जमिनीच्या दप्तरातली नोंद. चार लाखांच्या घरावर चाळीसेक हजार युरो असे वरच्या वर उडून जातात, आणि त्यांतून एक पाटसुद्धा घरात येत नाही. नोटरीला तर अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवणं कायद्यानेच बंधनकारक. घेणाऱ्याला जर्मन नीट कळत नसेल तर शेजारी दुभाषा बसवायचा. जावई सांगत होते की सगळे सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखे ताठ बसले होते. अर्थ कुणाला लागत नव्हता, मधेच उठायची सोय नव्हती, आणि दक्षिणा मात्र आधीच ठरलेली होती.

किल्ली मिळाली. आम्ही पोचलो. दार उघडलं. दिवाणखान्यात छतातून तीन वायरी लोंबत होत्या. दिवा नव्हता, दिव्याची बैठकही नव्हती. जुना मालक आपले दिवे आपल्याबरोबर घेऊन गेला होता, तिकडची रीतच तशी. सौभाग्यवती स्वयंपाकघर बघायला आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"अगं, स्वयंपाकघर कुठंय?"

"हेच की आई."

"इथं नुसती भिंत आहे. नळाची तोटीसुद्धा नाही."

तेव्हा कळलं की जर्मनीत पुष्कळदा स्वयंपाकघर हे सामानात धरतात. ओटा, कपाटं, शेगडी, भांडी घासायचं बेसिन, सगळं उचकटून माणूस नव्या घरी नेतो, नाहीतर वेगळे पैसे लावून मागे ठेवतो. आमच्याकडे कडप्प्याचा ओटा एकदा भिंतीत बसला की तो घराच्या मालकापेक्षा जास्त जगतो. वाटणीत भाऊ विहिरीचं पाणी वाटून घेतात, पण ओटा उपटून नेलेला भाऊ मी अजून पाहिलेला नाही. ही बातमी व्हिडिओ कॉलवर धुळ्याला गेली. तिकडून विहीणबाई म्हणाल्या, "मंग त्या घरमा काय लिन्हं तुम्ही? भिंती?" चार लाख युरोच्या व्यवहाराचं इतकं नेमकं वर्णन त्या नोटरीलाही करता आलं नव्हतं.

आमच्याकडे घर कसं भरतं? लग्नात रुखवत येतं, आंदणाची भांडी येतात. भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे चाळीस वर्षांनीही आमटी वाढताना कुठल्या मामाने किती हात आखडला होता ते वाचता येतं. कपाट आजोबांचं, पलंग मोठ्या काकांचा, शिलाई मशीन आत्याचं. नवं काही करायचंच तर सुतार बोलवायचा. तो अंगणात बसतो, सातपुड्याच्या सागवानाला हात लावून 'माल चांगला आहे' म्हणतो, आणि मग चहा पितो. आखाजीच्या सणाला गावी जातो, तो परत आणायला आपल्यालाच गाडी घेऊन जावं लागतं. कपाट होईस्तोवर पोरगी दहावीची बारावीला जाते. पण या साऱ्यात 'बजेट' नावाची गोष्ट कुणी उच्चारत नाही, कारण खर्च आठ-दहा नातेवाइकांत आणि वीस-पंचवीस वर्षांत वाटला गेलेला असतो. परदेशात ते नातेवाईक नाहीत आणि ती वर्षंही नाहीत. अख्खं घर एकाच महिन्यात आणि एकाच पगारात उभं करायचं, तिथे काटकसर हीच आत्या आणि काटकसर हाच मामा.

अर्थात आमच्या परीने आम्ही आंदण नेलंच होतं. विमानात माणशी तेवीस किलो. दोघांचे शेहेचाळीस, त्यांतले तेवीस जळगावचे आणि तेवीस धुळ्याचे, असा दोन्ही घरांत तह झाला होता. धुळ्याने पहिल्याच दिवशी पितळी समई पाठवली आणि तहाचं वजन कळलं. आमच्याकडून पोळपाट-लाटणं, उडदाचे पापड, बिबडे, कळण्याचं पीठ, काळा मसाला. विहीणबाईंनी मांड्यांसाठी मातीचं खापरही बांधून दिलं होतं. ते मुंबईपर्यंत धड पोचलं. नंतर त्याचं काय झालं हे विमानतळावरच्या पट्ट्यावर बॅग आली तेव्हा तिच्या आवाजावरूनच समजलं. तसंही तिकडच्या काचेच्या सपाट शेगडीवर उपडं खापर ठेवून त्याखाली जाळ कसा घालायचा, याचा विचार दोन्ही घरांत कुणी केलेलाच नव्हता.

या सगळ्यात एकच वस्तू पुरून उरली. ती म्हणजे जळगावची चटई. आमच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत, तिथून त्या देशभर जातात. वजनाला हलकी, पाण्याला भीत नाही, गुंडाळली की काखेत बसते. लेक नको नको म्हणत असताना आमच्या हिने ती बॅगेला बाहेरून सुतळीने बांधली. पहिले काही दिवस तोच सोफा, तेच जेवणाचं टेबल आणि तोच पाहुण्यांचा पलंग. पुढे शेजारच्या जर्मन आजींनी ती चटई पाहिली, हाताने चाचपली आणि बागेत अंथरायला अशी कुठे मिळेल म्हणून विचारलं. हिने लगेच किंमत सांगितली. अर्थात थोडी वाढवूनच. सवय.

मग सुरू झाली जुन्या सामानाची खरेदी. तिकडे जुन्या वस्तूंच्या जाहिरातींचं एक मोठं ॲप आहे. पलंगापासून पियानोपर्यंत सगळं त्यावर विकायला असतं. किमतीपुढे 'फाउ-बे' अशी दोन अक्षरं असली की समजायचं, घासाघीस चालेल. अक्षरं नसतील तर भाव एकच. जावई धुळ्याच्या शिस्तीत वाढलेले. जिथे गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत अशा शहरातला माणूस जर्मनीत लवकर रुळतो. ते फाउ-बे असलं तरी संकोचाने मागतील ते पैसे देऊन मोकळे होत. सौभाग्यवतींना हे बघवेना. त्यांचं शिक्षण जळगावच्या फुले मार्केटात झालेलं. त्यांनी सूत्रं हातात घेतली.

एका माणसाकडे अख्खं स्वयंपाकघर विकायला होतं, किंमत नऊशे, पुढे फाउ-बे. ही म्हणाली, "चारशे सांग." लेक म्हणाली, "आई, इथं इतकं खाली नाही बोलत." "मग त्याने अक्षरं कशाला लिहिली?" या प्रश्नाला जर्मन कायद्यातही उत्तर नसावं. बघायला गेल्यावर हिने कपाटांची दारं उघडून-मिटून पाहिली, एका बिजागरीवर बोट ठेवून नुसती जीभ चुकचुकली, आणि "चल गं" म्हणून जिन्याकडे वळली. भाषा येत नसली तरी जिन्याकडे वळलेलं गिऱ्हाईक जगात कुठल्याही विक्रेत्याला कळतं. सौदा साडेपाचशेला पटला. फक्त एक अट बोलण्यात राहून गेली होती: सामान घेणाऱ्यानेच उचकटून न्यायचं. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वाचवलेल्या साडेतीनशेंपैकी निम्मे भाड्याच्या गाडीत आणि उरलेले माझ्या कमरेच्या मलमात गेले. पण जळगावला फोनवर आकडा सांगताना गाडी आणि मलम हिशेबात धरायचं नसतं.

हिशेबावरून आठवलं. त्या दिवसांत आमच्या घरात चार चलनं चालू होती. लेक-जावई युरोत बोलायचे. मी रुपयांत आणायचो आणि रुपयांचे केळीचे क्विंटल करायचो. धुळ्याचे व्याही कपाशीत मोजायचे. आणि ही सोन्यात. एका नव्या कोऱ्या सोफ्याची चिठ्ठी वाचून तिने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "एवढ्यात अंगठी होते. आणि अंगठीवर कुणी चहा सांडला तरी डाग पडत नाही." नवा सोफा तिथेच बारगळला.

सोफा आला तो रस्त्यावरून. श्टुटगार्टसारख्या शहरांत लोक नको असलेल्या वस्तू फाटकाबाहेर ठेवतात आणि वर 'त्सु फेअरशेंकन' म्हणजे 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावतात. पुस्तकं, कपबश्या, दिवे, खुर्च्या, ज्याला हवं त्याने उचलावं. लेक एका संध्याकाळी उभा दिवा घेऊन घरी आली. चांगला होता, लागतही होता.

"केवढ्याला पडला?"

"फुकट. कोपऱ्यावर ठेवला होता."

हिच्या हातातली वाटी खाली गेली. "कोपऱ्यावर? म्हणजे चौकात? शेजारी लिंबू होतं का?"

आमच्याकडे चौकात ठेवलेली वस्तू म्हणजे उतारा. नारळ, लिंबू, मिरच्या, कधी काळ्या बाहुलीसह. ती ओलांडायची नाही, तिच्याकडे बघायचंही नाही, आणि उचलून घरी आणणं तर दूरच. कुणाच्या तरी अंगावरून उतरवलेलं संकट तिथे वाट बघत बसलेलं असतं. लेकीने परोपरीने समजावलं की हे संकट नाही, दिवा आहे. पण त्यात एक गोष्ट माझ्याही लक्षात आली. आपल्याकडे देणं काही कमी नाही. आहेर आहे, आंदण आहे, ओटी आहे, दान आहे, प्रसाद आहे. पण प्रत्येक देण्याला दोन टोकांना दोन चेहरे लागतात. कुणी दिलं आणि कुणाला दिलं हे कळल्याशिवाय ते देणं पूर्ण होत नाही. मग ते भांड्यावर कोरतात, नाहीतर देवळाच्या फरशीवर. अनोळख्याने अनोळख्यासाठी काहीही न सांगता ठेवून जायचं, याला आमच्याकडे फक्त उताराच माहीत. शेवटी हिने त्या दिव्यावरून मीठ-मोहरी ओवाळली, आणि दिवा घरचा झाला. पुढे सोफा, कोपऱ्यातलं टेबल आणि आरसा हे सारे याच विधीने घरात आले. मोहरी संपली तेव्हा घर बऱ्यापैकी लागलं होतं.

जे रस्त्यावर मिळालं नाही, ते सपाट खोक्यांतून आलं. इंग्वार कांप्राद नावाच्या स्वीडिश पोराने १९४३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आयकिया काढली, आणि पन्नासच्या दशकात टेबलाचे पाय काढून ते खोक्यात घालून विकायची युक्ती तिथे रूढ झाली. भारतात त्यांचं पहिलं दुकान २०१८ मध्ये हैदराबादला निघालं, २०२० मध्ये नवी मुंबईत. खानदेशापर्यंत अजून कुणी पोचलं नाही, त्यामुळे सुतार निश्चिंत आहेत. जोडणीच्या पत्रकात एकही शब्द नसतो, फक्त चित्रं. जावयांनी धुळ्याला व्हिडिओ लावला. व्याही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्याही बांधकामाची चर्चा निघाली की ते विश्वेश्वरय्यांपासून सुरुवात करतात. तरुण विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या आरंभी धुळ्याकडेच पांझरेच्या प्रवाहाखालून सायफनने पाणी नेलं होतं, हे खरं आहे. पण पुस्तकांच्या मांडणीची मागची फळी कुठल्या बाजूने बसवायची याचा त्याच्याशी संबंध लागायला आम्हाला बराच वेळ लागला. व्याही म्हणत, "आधी नकाशा वाचा." नकाशात वाचण्यासारखं काहीच नव्हतं. होता एक गोल डोक्याचा माणूस, तोही फोनवर दुसऱ्या कुणाला तरी विचारत उभा. त्याचं आणि जावयांचं त्या दिवशी चांगलं जमलं. ती मांडणी उभी राहिली आणि हिने तिच्यावर मसाल्याच्या बरण्या लावल्या. पुस्तकं अजून खोक्यात आहेत.

भिंतीला भोक पाडायचं काम रविवारी निघालं. तिकडे रविवारी दुकानं बंद आणि गोंगाटही बंद. ड्रिलचा आवाज झाला तर शेजारी घड्याळ बघत दार वाजवतो. आमचा अडचणीचा वारही नेमका रविवारच. श्रावणातल्या त्या रविवारी धुळ्याला घरी कानबाई देवी बसणार होती. इकडेही निदान नारळ मांडून हात जोडा, असा विहीणबाईंचा निरोप. पण चौरंग कुठून आणायचा? शनिवार हातून गेलेला. अखेर त्याच सपाट खोक्यातून निघालेलं, सोफ्यापुढचं चौकोनी बुटकं टेबल पुसून घेतलं, त्यावर हिची पैठणी टाकली. फोनवर ते पाहून विहीणबाई खूश झाल्या. "भारी चौरंग शे! कितलाले लिन्हा?" जावयांनी खरी किंमत सांगितली. तिकडे एकदम शांतता. मग फोन बाजूला धरल्याचा आवाज, आणि धुळ्याच्या बैठकीत जमलेल्या भाऊबंदांना त्यांनी सांगितलेली किंमत आम्हाला स्पष्ट ऐकू आली. तेवढ्यात समुद्रापलीकडे टेबल आठपट महाग झालं होतं.

घरभरणीला तिथली मराठी मंडळी आली. शेजारच्या आजींनी रीतीप्रमाणे पाव आणि मीठ आणलं. नव्या घरात अन्न आणि चव कमी पडू नये म्हणून जर्मन लोक ते देतात. मीठ पाहून ही हळूच म्हणाली, "मोहरी नाही आणली?" जेवायला शेवभाजी होती. भरिताचा बेत सगळ्या खोल्यांतल्या धुराच्या घंटांकडे बघून रद्द झाला होता. जेवणं झाली आणि खरी मैफल सुरू झाली. कोल्हापूरचा एक जण म्हणाला, त्याचा पलंग तीस युरोला. नागपूरची एक बाई म्हणाली, तिची कपडे धुवायची मशीन पंधराला, वर साबणाची अर्धी पिशवी. पुण्याच्या गृहस्थांनी आपलं डायनिंग टेबल फुकट मिळाल्याचं सांगितलं, आणि देणाऱ्याने ते घरपोच आणून दिलं, असं जोडलं. सगळे गप्प झाले. तेव्हा आमच्या सौभाग्यवती सोफ्याच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "हा पण फुकट. शिवाय गादीच्या फटीत दोन युरो निघाले." त्या रात्री खानदेशाने पुण्याला हरवलं.

आम्ही परतलो आणि हे सगळं धुळ्याला जाऊन सविस्तर सांगितलं. व्याह्यांना कल्पना फार आवडली. त्यांच्या बैठकीत हात असलेली एक जुनी लाकडी खुर्ची होती. सून-मुलगा येतात तेव्हा अडचण होते म्हणून ती काढायची होतीच. त्यांनी ती गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली ठेवली आणि कागद चिकटवला: 'फुकट आहे. ज्याला हवी त्याने न्यावी.'

पहिल्या दिवशी लोक लांबून वाचून गेले. एका शेजाऱ्याने घरी येऊन दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" दुसऱ्या दिवशी भाजीवालीने आपली गाडी पलीकडच्या बाजूला हलवली. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने कागद उडाला. चौथ्या दिवशी खुर्चीच्या पाठीला कुणीतरी कुंकू लावलं. शनिवारी तिथे नारळ फुटला. आता ती खुर्ची हलवायची कुणाची छाती नाही. रिक्षावाले वळताना हॉर्न न वाजवता कपाळाला हात लावतात. परवा व्याह्यांनी सगळ्यांना एकदम फोन लावला. खुर्चीवर अकरा रुपये आणि दोन केळी होती. "फुकट दिलेल्या वस्तूचे हे पैसे," त्यांनी विचारलं, "धरायचे कुणाच्या खात्यात?"

श्टुटगार्टहून लेक सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, कागदावर फाउ-बे लिहायचं राहिलं तुमचं."